विश्व कुठून आलं? विज्ञान, श्रद्धा आणि नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी धरमपेठेत आमचा गप्पांचा कट्टा भरतो. राजकारण आणि क्रिकेटला बंदी आहे, त्यामुळे बोलणं फिरून फिरून विश्वाच्या आरंभावर येतं. नवीन येणारे तेच ते प्रश्न विचारतात, आणि जुने लोक तीच ती उत्तरं देऊन थकलेत, म्हणून हे पान. उत्तरं लिहिणारा पदार्थविज्ञान शिकवतो आणि त्याच्या घरी देव्हाराही आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगितलेल्या बऱ्या.

इथे विज्ञानवाले विरुद्ध धर्मवाले असा सामना असतो का?

लोक तसंच समजून येतात. पण नागपुरात ती विभागणी अर्धा तासही टिकत नाही. दर वर्षी दीक्षाभूमीवर जाणारे बौद्ध कर्ता-ईश्वर मानत नाहीत. इतवारीतल्या जैन काकांच्या मते विश्व कुणी घडवलेलंच नाही. मोमिनपुऱ्याच्या मित्रांच्या मते अल्लाहने ‘हो’ म्हटलं आणि ते झालं. गोंड परंपरेतले सोबती त्यांच्या सर्वोच्च देवाचं, फडापेनचं नाव घेतात. शिवाय सत्यनारायण घालणारे इंजिनिअर आहेत आणि कशालाच हात न जोडणारे संस्कृतचे सर आहेत. ‘धर्म म्हणतो की देवाने विश्व निर्माण केलं’ असं कुणी ठोकून दिलं की खोलीतले निम्मे धार्मिक लोकच हरकत घेतात.

माझं मत विचाराल तर या वादात सगळ्यात जास्त घोळ दाखल्याच्या हौसेने होतो. श्रद्धावंताला आपल्या ग्रंथाखाली विज्ञानाची सही हवी असते, आणि नास्तिकाला आपल्या नास्तिकतेखाली तीच सही हवी असते. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हीच तक्रार पुन्हा दिसेल. इलाज नाही.

महास्फोट (बिग बँग) झाला म्हणजे देव नाही, हे सिद्ध झालं ना?

नाही. देव आहे हेही त्यातून सिद्ध झालं नाही.

गंमत बघा, ही कल्पना आधुनिक भौतिकीत मांडली ती एका कॅथलिक धर्मगुरूने. बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ साली आइनस्टाइनच्या समीकरणांतून प्रसरण पावणारं विश्व काढलं, आणि १९३१ साली सगळं विश्व एका ‘आद्य अणू’पासून पसरत आलं असावं, असं लिहिलं. उलट ब्रिटनचे फ्रेड हॉईल पक्के निरीश्वरवादी. विश्वाला आरंभ असणं त्यांना धर्माच्या वासाचं वाटे, आणि त्यांनी आयुष्यभर त्याला विरोध केला. म्हणजे कोणत्या बाजूला कोण उभं असायला हवं, हा आपला अंदाज पहिल्याच फेरीत चुकतो.

पुढचा प्रसंग तर प्रत्येक प्रवचनकाराने ऐकावा असा आहे. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी भाषणात सुचवलं की विज्ञानाने आता सृष्टीच्या आरंभाची साक्ष दिली आहे. कुणालाही वाटेल, लमेत्र खूश झाले असतील. ते अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत धर्माच्या आणि तत्त्वज्ञानाच्या प्रश्नांपासून वेगळा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षी रोममध्ये जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपनी तो दावा पुन्हा केला नाही. लमेत्र यांची श्रद्धा कच्ची होती म्हणून ते अस्वस्थ झाले असं नाही. सिद्धांत उद्या बदलू शकतो, हे त्यांना वैज्ञानिक म्हणून ठाऊक होतं. त्यावर देव टेकवून ठेवला आणि सिद्धांतच सरकला, तर देवाचं काय करायचं?

काऊन जी, मंग त्या स्फोटाच्या आधी काय होतं?

हा प्रश्न दर रविवारी येतो, आणि विचारणाऱ्याला वाटतं की आता सर अडकले. अडकतोच. पण कुठे अडकतो, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

महास्फोट सिद्धांत विश्वाच्या जन्माची गोष्ट सांगतो, हा समज पुसून टाका. विश्व एके काळी अतिशय दाट आणि तप्त होतं, तिथून ते पसरत आणि निवत आलं, एवढंच तो सांगतो. मोकळ्या जागेत एखादा गोळा फुटला असंही काही नव्हतं. जागाच सगळीकडे ताणली गेली. आज दिसणारं प्रसरण उलट मोजत नेलं की सुमारे १,३८० कोटी वर्षांपाशी गणित हात टेकतं. घनता अनंत, तापमान अनंत अशी उत्तरं यायला लागतात. भौतिकीत उत्तर अनंत आलं की समजायचं, आपलं समीकरण या जागी चालत नाही. आइनस्टाइनचं गुरुत्वाकर्षण आणि पुंजभौतिकी (क्वांटम भौतिकी) यांना एकत्र नांदवणारा सिद्ध झालेला सिद्धांत अजून हाती नाही.

आपल्या झिरो माइलच्या खांबाचं घ्या. अंतराची मोजणी खांबापाशी सुरू होते, म्हणून रस्ताही तिथेच सुरू होतो असं कुणी म्हणत नाही. पण खांबाच्या पलीकडे रस्ता आहेच, हेही नुसता खांब बघून कळत नाही. १,३८० कोटींचा आकडा असाच एक खांब आहे. पलीकडे आधीचं एखादं विश्व आकुंचन पावत असेल, किंवा काहीच नसेल. काळच तिथे सुरू झाला असेल, तर ‘आधी’ या शब्दाला टेकायला जागा राहत नाही.

ही शेवटची शक्यता कुणाला फार आधुनिक वाटेल. इ.स. ४०० च्या सुमारास सेंट ऑगस्टीन यांनी तीच मांडली होती. देव सृष्टीच्या आधी काय करत होता, या प्रश्नाला त्यांचं उत्तर असं, की काळही सृष्टीबरोबरच निर्माण झाला, तेव्हा ‘आधी’ नव्हतंच.

पण हे सगळं होताना पाहिलं कोणी?

सीताबर्डीची टेकडी होताना तरी कोणी पाहिली? तिथला काळा दगड म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी निवलेला लाव्हा. दख्खनच्या पठारावर तो थरावर थर पसरत गेला, आणि या पसाऱ्याची पूर्वेकडची कड नागपूरच्या आसपास येते. साक्षीदार कुणी नव्हता, तरी दगड बोलतो. विश्वाच्या बाबतीतही पुरावा असाच मागे राहिलेल्या खुणांचा आहे.

१९२९ साली एडविन हबल यांनी दाखवलं की जितकी दीर्घिका (गॅलेक्सी) दूर, तितकी ती वेगाने आपल्यापासून लांब जाते. ही पहिली खूण. दुसरी रासायनिक आहे. सुरुवातीच्या काही मिनिटांत अणुकेंद्रं जुळली असतील तर वस्तुमानाने साधारण तीन भाग हायड्रोजनला एक भाग हेलियम उरायला हवा, असं गणित सांगतं. ताऱ्यांनी फारसा न ढवळलेला वायू तपासला तर जवळपास तेच प्रमाण सापडतं.

तिसरी खूण मला सगळ्यात आवडते, कारण ती शोधायला कुणी निघालंच नव्हतं. १९६४ साली अमेरिकेत न्यू जर्सी इथे आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांच्या अँटेनात एक खरखर येत होती. अँटेना कुठेही वळवला तरी तेवढीच. आत कबुतरांनी घर केलं होतं, त्यांना हाकललं, विष्ठा खरवडून काढली, तरी खरखर हटेना. ते विश्व निवतानाचं उरलेलं प्रारण (रेडिएशन) निघालं, त्यालाच पार्श्वभूमी प्रारण म्हणतात. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना पहिल्यांदा मोकळा झालेला प्रकाश, आता ताणून ताणून उणे २७० अंश सेल्सिअसइतका गार झालेला. १९७८ साली दोघांना नोबेल मिळालं. नागपूरच्या मे महिन्यात अंगाची लाही होत असते, तेव्हाही तुमच्या भोवतालच्या प्रत्येक घनसेंटिमीटरमध्ये त्या प्रकाशाचे सुमारे ४०० कण असतात. थंडाव्याला मात्र त्यांचा काही उपयोग नाही.

हे सगळं वेदांत आधीच लिहिलेलं आहे ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर ऐकून सगळ्यात जास्त लोक रागावतात तोही हाच.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९ वं सूक्त, नासदीय सूक्त, सात ऋचांचं आहे. तेव्हा सत् नव्हतं आणि असत् ही नव्हतं, मृत्यू नव्हता आणि अमृतही नव्हतं, अशी सुरुवात करून कवी विचारतो की ही सृष्टी कुठून आली, हे खरोखर कुणाला माहीत आहे? देवसुद्धा नंतरचे. आणि शेवटी तो म्हणतो, जो परम आकाशातून यावर नजर ठेवून आहे त्याला हे ठाऊक असेल, ‘यदि वा न वेद’, किंवा त्यालाही नसेल. धर्मग्रंथात सर्वोच्च अध्यक्षाच्या ज्ञानाबद्दलच शंका! एवढा धीट प्रश्न समोर असताना आपण त्यात ‘हा बघा महास्फोट’ म्हणून उत्तर कोंबतो. कवीने उघडं ठेवलेलं दार आपण बंद करतो, आणि वर त्याला अभिमान म्हणतो.

हिरण्यगर्भाचंही, म्हणजे ज्यातून सृष्टी झाली त्या सोनेरी गर्भाच्या वैदिक कल्पनेचंही तेच. १९२७ च्या आधी हिरण्यगर्भ सूक्त वाचून दीर्घिका दूर पळत असल्याचा निष्कर्ष कुणी काढला होता का? शोध लागल्यावर ओळ सापडते. आधी सापडली असती तर मी पहिला पेढे वाटले असते.

पण ४३२ कोटी वर्षांचा हिशोब तरी जुळतो की नाही?

आकडे घेऊन बसू. चतुर्युग ४३ लाख २० हजार वर्षांचं, अशी हजार चतुर्युगं म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, अर्थात कल्प: ४३२ कोटी वर्षं. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी. जवळ आलं म्हणून लोक टाळ्या वाजवतात.

पण ४३२ कोटी ही अख्ख्या दिवसाची लांबी आहे, उलटलेला काळ नव्हे. पूजेच्या संकल्पात गुरुजी ‘श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, अष्टाविंशतितमे कलियुगे’ म्हणतात, तो आपला या दिवसातला पत्ता. त्या हिशोबाने चालू कल्पाची सुमारे १९७ कोटी वर्षं उलटली आहेत. हा आकडा पृथ्वीच्या वयाशीही जुळत नाही आणि विश्वाच्या १,३८० कोटींशीही नाही. जुळवणी करायचीच तर पुरी करावी, सोयीचा आकडा उचलून पळू नये.

मला त्या हिशोबात दुसरंच मोठं वाटतं. सतराव्या शतकात आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर बायबलमधल्या पिढ्या मोजून सृष्टीचा आरंभ इ.स.पू. ४००४ असा ठरवत होते. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून कोटींच्या भाषेत काळ मोजला जात होता. माणूस म्हणजे काळाच्या मानाने किती चिमूटभर, हे त्या लोकांना कळलेलं होतं. त्यासाठी प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

कुराणातल्या आयतीबद्दलही असंच म्हणाल का?

हो. एकविसाव्या सूरेतल्या तिसाव्या आयतीत आकाश आणि पृथ्वी जोडलेली होती, ती आम्ही वेगळी केली, असं येतं, आणि तिचा महास्फोटाशी संबंध लावला जातो. जुन्या भाष्यकारांपैकी काहींनी त्याचा अर्थ आकाशातून पाऊस आणि जमिनीतून रोप मोकळं झालं, असा लावला होता. तो अर्थ शेकडो वर्षं श्रद्धेला पुरला. एका ग्रंथाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरं, असं इथे चालत नाही.

खरा वाद बघायचा तर तो इस्लामी परंपरेतच आहे. ११११ साली वारलेले धर्मपंडित अल-गझाली म्हणत की विश्वाला आरंभ असलाच पाहिजे, आणि नंतरचे तत्त्वज्ञ इब्न रुश्द यांनी त्यांच्या युक्तिवादांना पुस्तकभर उत्तर दिलं. दुर्बीण यायच्या कितीतरी आधीची ही जुगलबंदी आहे.

कर्ता नसेल तर तो धर्म कसला?

हा प्रश्न नागपुरात विचारताना आजूबाजूला बघून विचारावा.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह याच शहरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात विश्वकर्त्याच्या कल्पनेची चिरफाड आहे. युक्तिवाद थोडक्यात असा: ईश्वराने जग शून्यातून केलं की कशातून तरी? शून्यातून काही होतं, हे पटत नाही. कशातून तरी केलं म्हणाल तर ते ‘काहीतरी’ त्याच्या आधीच होतं, मग त्याचा कर्ता तो कसा? आमच्या कट्ट्यावर एक ताई हा युक्तिवाद इतक्या शांतपणे मांडतात की समोरच्याचा चहा गार होतो.

बुद्धाची आणखी एक गोष्ट इथे लागू पडते. मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्खूने जग शाश्वत आहे की अशाश्वत, याचं उत्तर मागितलं. बुद्ध म्हणाले, विषारी बाण लागलेला माणूस बाण मारणाऱ्याचं कूळ आणि धनुष्याचं लाकूड कळेपर्यंत बाण काढू देणार नाही म्हणाला, तर तो मरेल. दुःख आत्ता आहे, ते आत्ता दूर करा. म्हणजे एका मोठ्या धर्माच्या मते आपला हा अख्खा रविवारच अनावश्यक आहे. तरी त्या ताई दर रविवारी येतात.

जैन मताने विश्व अनादि-अनंत आहे, आणि नवव्या शतकातल्या जिनसेनांच्या आदिपुराणात सृष्टिकर्त्याच्या कल्पनेचं सडेतोड खंडन आहे. वैदिक दर्शनांतही एकमत नाही. जुनं सांख्य प्रकृती (मूळ द्रव्य) आणि पुरुष (चेतना) यांवर भागवतं, ईश्वर लागत नाही. मीमांसक कुमारिल भट्ट वेद पूर्ण मानतात, पण जगाची उत्पत्ती एका क्षणी झाली हे मानत नाहीत. उलट न्यायदर्शनाचे उदयनाचार्य कार्य आहे म्हणजे कर्ता हवा, या वाटेने ईश्वर सिद्ध करायला बसतात. आणि आपले ज्ञानेश्वर ‘अमृतानुभवा’त जग हा चैतन्याचाच विलास म्हणतात, तेव्हा घडवणारा आणि घडलेलं हा भेदच उरत नाही. आता सांगा, ‘धर्माचं म्हणणं’ यातलं कोणतं?

जयंत नारळीकरांचा महास्फोटाला विरोध होता. मग तो सिद्धांत खोटा?

विरोध होता, हे खरं. कोल्हापुरात जन्मलेले नारळीकर केंब्रिजला हॉईल यांचे विद्यार्थी होते. १९९३ साली हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी अर्धस्थिर विश्वाचा पर्याय मांडला. त्यात विश्व अनादि आहे, मधूनमधून छोट्या घटनांत द्रव्य निर्माण होतं, आणि पार्श्वभूमी प्रारण म्हणजे अंतराळातल्या लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा सोडलेला ताऱ्यांचा प्रकाश. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना हे पटलं नाही. त्या प्रारणातले बारीक चढउतार उपग्रहांनी मोजले, ते महास्फोटाच्या गणितात जास्त नीट बसतात.

पण त्यांचं नाव घेऊन ‘बघा, विज्ञान चुकलं, म्हणजे देवाने केलं’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की त्यांच्या विश्वाला आरंभच नाही. तिथे कर्त्याला काम आणखी कमी! नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. बहुमताच्या विरोधात उभं राहायचं ते मोजमापं आणि समीकरणं घेऊन, हे त्यांच्याकडून शिकावं.

शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, असं वाचलं.

प्रसरणाच्या वेगाबद्दल एकमत नाही, हे खरं. पार्श्वभूमी प्रारणावरून काढला तर दर मेगापार्सेक (सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षं) अंतराला सेकंदाला साधारण ६७ किलोमीटर येतो, आणि तारे व अतिनवतारे (स्फोट होणारे तारे, सुपरनोव्हा) मोजून काढला तर ७३ च्या आसपास. काही वर्षांपासून हा फरक मिटत नाहीये. शिवाय विश्वातलं सुमारे ९५ टक्के द्रव्य-ऊर्जा काय आहे, ते ठाऊक नाही. ‘कृष्ण’ (डार्क, म्हणजे न दिसणारं) असं नाव देऊन ठेवलंय. भांडण मोठं आहे, पण विश्व पसरतं की नाही यावर ते नाही.

पुंजभौतिकीत शून्यातून कण येतात म्हणे. मग विश्वही आलं असेल.

ती पोकळी म्हणजे शून्य नव्हे. तिच्यात क्षेत्रं आहेत, नियम आहेत, ऊर्जा आहे. ते नियम कुठून आले, हा प्रश्न तसाच उरतो. इथे विज्ञानवाल्यांची लबाडी पकडायला हरकत नाही.

निसर्गाचे नियम जीवसृष्टीला इतके नेमके जुळलेले, हा योगायोग कसा?

योगायोग असेल, रचना असेल, किंवा असंख्य विश्वं असतील आणि आपण जगता येईल अशातच असणार. तिसऱ्या पर्यायाचा पुरावा आज नाही. म्हणून दुसरा सिद्ध होतो, असं मात्र नाही.

श्रद्धा उघड मांडली तर जादूटोणाविरोधी कायद्याची अडचण येईल का?

नाही. २०१३ चा तो कायदा नरबळी आणि अघोरी, अमानुष कृत्यांसाठी आहे, मतांसाठी नाही. संविधानाचं २५ वं कलम श्रद्धेचं स्वातंत्र्य देतं, आणि १९७६ साली आलेलं ५१(क) कलम वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे कर्तव्य सांगतं. दोन्ही एकाच पुस्तकात आहेत.

शाळेत महास्फोट शिकवतात, घरी आजी ब्रह्मदेवाची गोष्ट सांगते. पोराने काय धरायचं?

परीक्षेत शाळेतलं लिहायचं. आजीची गोष्ट मात्र पूर्ण ऐकायची, मध्येच ‘हे खोटं आहे’ म्हणू नये. मुलं यात आपल्यापेक्षा कमी गोंधळतात. गोंधळ उडतो तो आजीची गोष्ट हेच भौतिकी आहे, असं मोठ्या माणसाने छातीठोक सांगितल्यावर.

कट्ट्यावर येण्याआधी नागपुरात काय बघून यावं?

गांधीसागरासमोरचं रमण विज्ञान केंद्र आणि तिथलं तारांगण. सी. व्ही. रमण सरकारी हिशेब खात्यात असताना काही काळ नागपुरात होते, म्हणून हे नाव आपल्याला परकं नाही.

मग काटोल रोडने जुनापाणीला जा. तिथे लोहयुगातली शिळावर्तुळं आहेत, मृतांसाठी रचलेली. काही दगडांवर वाटीएवढे कोरलेले खळगे आहेत. त्यांच्या दिशांचा खगोलीय अर्थ लावायचा प्रयत्न अभ्यासकांनी केला आहे, तो सर्वमान्य झालेला नाही. अशा वर्तुळांच्या नादाने या भागात फिरलेल्यांपैकी एक होते स्टीफन हिस्लॉप. १८४५ साली धर्मप्रचारासाठी नागपुरात आलेले हे स्कॉटिश पाद्री आसपासचे खडक आणि जीवाश्म गोळा करून त्यावर शोधनिबंध लिहीत. १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.

जुनापाणीला पाऊस संपल्यावर जावं. पाण्याची बाटली घ्या, आणि दगडांवर चढून फोटो काढू नका.